डाव्या पायाखालचा कापूस

माझ्या दवाखान्यातल्या कपाटात दुसऱ्या फळीवर एक जाड निळं पुस्तक आहे. त्यातली एक ओळ खोटी आहे. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती मी रचली आहे. नवऱ्याला हे माहीत नाही, लेकीला माहीत नाही, आणि ज्यांनी ते पुस्तक लिहिलं त्या सरांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? — खरं सांगायचं तर हल्ली ते पुस्तक हातात घेतलं की मला शिसारी येते, आणि ती पुस्तकाची नाही.

मी मेहकरला होमिओपॅथीची डॉक्टर आहे. दवाखाना जुना आहे, पेशंट बरे आहेत. गोळ्यांत काही असतं की नसतं, हा वाद लोक माझ्याशी लग्नाच्या पंगतीतसुद्धा घालतात. तो वाद आज नको. माझं प्रकरण त्याहून लहान आहे, आणि जास्त घाणेरडं आहे.

आमच्या औषधांची वर्णनं कशी तयार होतात, तुम्हाला माहीत आहे? धडधाकट माणसांना औषध देतात. त्यांनी रोज वहीत लिहायचं, काय वाटलं, शरीरात कुठे, किती वाजता. याला आम्ही प्रूव्हिंग म्हणतो. त्या वह्यांतून पुस्तक होतं. धडधाकट माणसाला जे औषध जो त्रास देतं, तोच त्रास ते आजाऱ्याचा बरा करतं, हे आमचं सूत्र. मग एखादा पेशंट येतो, तेच सांगतो, आणि आम्ही पान उघडून औषध काढतो. म्हणजे सगळी भिस्त कशावर? वहीत लिहिणाऱ्याला ते खरंच वाटलं होतं, यावर. बस, एवढ्यावरच.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना सरांनी आम्हा दहा जणांवर एका औषधाचं प्रूव्हिंग केलं. आमच्याकडे बांधावर कुठेही उगवणारी वनस्पती, कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सर सरळ माणूस होते, त्यांना दोष देत नाही. रोज सकाळी ते वह्या वाचायचे. बाकीच्यांच्या वह्या भरलेल्या असायच्या. कुणाच्या कानात शिटी वाजत होती, कुणाच्या स्वप्नात विहीर येत होती. माझ्या वहीत सहा दिवस एकच ओळ होती — काही नाही.

सातव्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला काही होत नाही, की तुम्ही बघतच नाही?" मुली हसल्या. माझे कान तापले. बाकीच्यांच्या वह्या कशाने भरत होत्या, हे मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उलट मलाही कुणीतरी विचारलं असतं.

त्या संध्याकाळी मी लिहिलं. कुठून आणलं तेही सांगते. माझं माहेर मोताळ्याचं. कापूस निघाला की घरातली बैठकीची खोली कापसाने भरून जायची, गाडी येईपर्यंत. आम्ही भावंडं त्यावरून चालायचो. पाय टाकला की खाली जमीन लागतच नाही — पोटात गोळा यायचा आणि मजाही वाटायची. ते मी वहीत उतरवलं. 'कापसावरून चालल्यासारखं वाटतं.' मग वाटलं, एवढंच पुरणार नाही. लक्षणाला बाजू असली, वेळ असली की त्याचं वजन वाढतं, हे आम्हाला शिकवलेलंच होतं. म्हणून लिहिलं, 'डाव्या पायाला जास्त. संध्याकाळी जास्त.' आणि शेवटी, नुसती शोभा म्हणून, 'चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही.'

दुसऱ्या दिवशी सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि वही वर धरून म्हणाले, "याला म्हणतात निरीक्षण." मला किती आनंद झाला असेल? आजही तो आठवतो, आणि आठवला की स्वतःचीच किळस येते. त्यात भीती नव्हती, निखळ आनंद होता.

सगळ्या औषधांचं सरांचं ते जाड निळं पुस्तक छापून आलं. प्रस्तावनेत माझं नाव होतं, आत 'प्रूव्हर क्रमांक सात' असा उल्लेख होता, आणि माझी ओळ साध्या अक्षरांत होती. बाबांनी ते पुस्तक मोताळ्यात येईल त्याला दाखवलं. मी स्वतःशी म्हटलं, एका ओळीने काय होतं? हजार पानांचं पुस्तक, कोण बघतंय.

बघणारी मीच निघाले.

कमलताई सुलतानपूरच्या. अंगणवाडी सेविका. त्यांच्या मुलीचा दमा माझ्याकडे बरा झाला होता, त्यामुळे त्यांचा माझ्यावर जरा जास्तच विश्वास. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मले कापसावर चालल्यावानी वाटते. चप्पल सटकून जाते अन् मले पत्ताच लागत नाही."

माझी ओळ माझ्यासमोर बसून बोलत होती.

आता इथे थांबून तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. पन्नाशीला आलेली बाई, सुन्न पाय, सटकणारी चप्पल — याचा अर्थ काय असू शकतो, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. कॉलेजात असताना माहीत नव्हतं, पण नंतर पुरेपूर माहीत झालं होतं. आधी शुगर बघायची, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. शुगर तपासायचं यंत्र माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होतं. बोटाला एक टोच, एक मिनिट.

मी ड्रॉवर उघडला नाही. मी पुस्तक उघडलं.

का? इतकी वर्षं ती ओळ माझ्या घशात काट्यासारखी होती. आणि आता एक जिवंत बाई तीच ओळ बोलत होती. मला वाटलं — ती खरीच असेल तर? मी रचते आहे असं मला वाटलं, पण त्या औषधानेच ते माझ्याकडून लिहून घेतलं असेल तर? या बाईला त्या गोळ्यांनी बरं वाटलं की मी सुटले. आणि शुगर निघाली असती तर? कारण समोर आलं असतं, आणि माझं खोटं खोटंच राहिलं असतं. म्हणून मी ड्रॉवर उघडला नाही. सुटायला मला त्या बाईचे पाय हवे होते.

पेशंटच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, हा आमच्या विद्येचा पहिला नियम. मी विचारलं, "कोणता पाय?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या.

"डावा जास्त असेल ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय हवं आहे ते त्यांना कळलं असावं. "हाव," त्या म्हणाल्या, "डावाच."

"संध्याकाळी वाढतं?"

"हाव मॅडम, संध्याकाळीच."

मी गोळ्या दिल्या. दर पंधरा दिवसांनी त्या बसने यायच्या आणि सांगायच्या, "फरक आहे." पाय कसे आहेत हे मी एकदाही हात लावून पाहिलं नाही. मला फक्त ते दोन शब्द हवे होते. मी कधीकाळी सरांना खूश करायला वही भरली, तशाच त्या मला खूश करायला माझा केसपेपर भरत होत्या. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी वर मान केली नाही.

दीड महिन्याने मी ती केस सरांना लिहून पाठवली. ते आता थकले आहेत, नव्या आवृत्तीचं काम करत होते. त्यांचा फोन आला. "ती ओळ आता ठळक अक्षरांत जाईल," म्हणाले. प्रत्यक्ष रुग्णावर खरं ठरलेलं लक्षण आमच्या पुस्तकांत ठळक छापतात. ते वाचून उद्या कुणी ड्रॉवर उघडायचं सोडून पुस्तकच उघडेल, हा विचार मला शिवला नाही. शिवला असेल, तर मी तो झटकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कमलताईंच्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार गेला. त्यांना कळलं नाही. दिवसभर त्या तो पाय घेऊन अंगणवाडीत वावरल्या. संध्याकाळी मुलीला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. आठवडाभरात पाय काळा पडायला लागला. सरकारी दवाखान्यात शुगर तपासली, आणि तिथून त्यांना तसंच अकोल्याला नेलं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

उजव्या पायाचं.

हे कळलं त्याच आठवड्यात सरांचा पुन्हा फोन आला. पानं छपाईला चालली होती. "तुझ्या केसमध्ये काही बदल?" त्यांनी विचारलं. माझ्या समोर पेन होतं, कागद होता, सांगायला सगळं होतं. मी म्हणाले, "नाही सर."

महिन्या-दोन महिन्यांनी कमलताई स्वतःच आल्या. पायाला जाड पट्टी, हातात काठी, मुलगी सोबत. मी खुर्चीतून उठले आणि वाटलं, आता बोलतील. मी मनातून त्यांच्या शिव्यांची वाटच बघत होते. त्या बसल्या आणि म्हणाल्या, "माहीच चूक झाली मॅडम. तुमच्या गोळ्या बंद नव्हत्या कराले पाहिजे. काटा रुतला त्याच्या आधीच्या हप्त्यात म्या घेतल्याच नव्हत्या."

मुलगी मात्र गप्प नव्हती. तिने विचारलं, "पण मॅडम, तुम्ही शुगर काऊन नाही पाहिली?"

कमलताईंनीच तिला दटावलं. "अवं, मॅडमनं पुस्तकात पाहूनच देल्लं व्हतं. माह्या समोर पाहिलं. पुस्तकात लेहेलं खोटं असते का?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी पुस्तकाकडे बघितलं आणि म्हणाले, "पुस्तकात होतं."

त्या गेल्यावर मी चहा मागवला. प्यायलेसुद्धा. हेही सांगून टाकते.

नवी आवृत्ती गेल्या महिन्यात आली. सरांनी स्वतः सही करून पाठवली. ओळ ठळक आहे. डावा पाय, संध्याकाळ, चप्पल, सगळं जागच्या जागी. खाली बारीक अक्षरांत, मेहकर येथील अनुभव. बाजूच्या ओळी मी वाचल्या — कानातली शिटी, स्वप्नातली विहीर. त्या कुणाच्या आहेत हे मला माहीत आहे. त्या कशा आल्या हे माहीत नाही, आणि आता एकही ओळ मला धडपणे वाचता येत नाही. तरी रोज दहा वाजता मी दवाखाना उघडते आणि त्याच पुस्तकातून बघून गोळ्या देते.

कमलताई त्या सुन्न पायाने काठी टेकत पुन्हा अंगणवाडीत जातात, असं परवा कळलं.

माझी ती कॉलेजातली वही अजून आहे. पहिली सहा पानं खरी आहेत. सातव्या पानावर जे लिहायला हवं होतं, ते इथे लिहिते. सातवा दिवस, संध्याकाळ. दोन्ही पाय व्यवस्थित. मला काहीही झालं नाही.