भाऊजींचा पोटातला गिअर

ही गोष्ट मी पन्नासाहून अधिक वर्षं टाळत आलो, कारण ती सांगायची तर माझं खोटंही सांगावं लागतं. पण आधी भाऊजी. माझ्या थोरल्या बहिणीच्या या यजमानांइतका सायकलवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही. साठ सालाच्या आसपास त्यांनी नागपूरहून विलायती सायकल आणली. तिचे तिन्ही गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे पोटात. पुसदला त्यांच्या घरी आलेल्या पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी त्या चाकाला कान लावावा लागे. "टिकटिक आयकू येते? तब्येत ठणठणीत हाये तिची!" एकदा हब उघडलं तेव्हा आतले बारीकसारीक भाग धोतरावर ओळीनं मांडून त्यांनी घरात कोणाला शिंकूसुद्धा दिलं नाही. बहीण वैतागली, "पोरगं रांगते घरात. त्याले काय खुंटीले टांगू?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "दोनच दिवस."

मी महागावला मास्तर. माझ्या सायकलचा गिअर बाहेरचा, साखळी एका चक्रीवरून दुसरीवर उडी मारणारा. पाच गिअर, वजनाला हलकी, बिघडली तर रस्त्यातच दुरुस्त. धोतर अंथरायला नको. असं म्हटलं की भाऊजी खवळत. "साळेबुवा, तुह्या सायकलची आतडी बाहेर लोंबून राह्यली! कचरा लागला का संपलं!" शेवटी महागाव ते पुसद शर्यत ठरली.

चढांवर मी खूप पुढे गेलो. पण पुसद जवळ आलं आणि जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली. रस्ताभर सांडलेला कापूस माझ्या साखळीत आणि चक्र्यांत असा गुंडाळला की चाकाजवळ उशीच तयार झाली. मी उकिडवा बसून बोटांनी कापूस उपसत होतो, तेवढ्यात भाऊजी आले. बंडी आडवी आली की थांबत, उभ्या उभ्या गिअर बदलत, पुन्हा सुटत. हातातली टोपी उंचावून ते बैलांनासुद्धा ओरडून सांगत होते, "पोटातला गिअर! पोटातला!" गाडीवाले त्यांना आरोळ्या देत होते.

मी पोचलो तेव्हा त्यांच्या घरासमोरच्या चौकात लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं. मला ते पाहवलं नाही. म्हणालो, "ट्रकले धरून आले हे. म्या पाह्यलं." मास्तर कायले खोटं बोलन, असं लोकांना वाटलं. त्यांनी भाऊजींना खाली उतरवलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या माझ्या बहिणीकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "चाला, जेवाले."

बायकोचा भाऊ चारचौघांत खोटा पडू नये म्हणून ते जन्मभर गप्प राहिले. त्यांच्या शेवटच्या आजारात मी दोनदा उशाशी बसलो आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून उठलो. म्हणायचं होतं ते एवढंच: भाऊजी, त्या दिवशी रस्त्यावर ट्रकच नव्हता. तुम्ही जिंकलात. मला माफ करा.