उचगावच्या बाईची साक्ष

काल सुनेनं सॅलडवर ऑलिव्ह तेल ओतलं आणि त्या वासानं मी थेट आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. तिथं आजाऱ्याच्या कपाळाला हेच तेल लावून प्रार्थना करतात. उचगावची एक बाई कावीळ झालेल्या नवऱ्याला घेऊन आली होती. पास्टरांनी तेल लावलं, "येशूच्या नावात तू बरा झालास!" असं ओरडले आणि लगेच तिच्या हातात माइक देऊन देवानं बरं केलं अशी साक्ष तिला सगळ्यांसमोर द्यायला लावली. कॅमेरा चालूच होता. तीही रडत म्हणाली, "मालक बरं झालं." पुढच्याच महिन्यात तो गेला. त्यानंतर एका रविवारी, साक्षीच्या वेळेला, ती आपणहून उठली. "पास्टर, तुम्ही बरं झालं म्हणलासा, पर मालक गेलं की. तरी मी येशूला सोडणार न्हाय, एवढंच सांगायचं हाय." इतका खरा विश्वास त्या हॉलमध्ये मी पुन्हा कधी ऐकला नाही. पास्टरांनी कीबोर्डवाल्याकडं नुसतं बघितलं. त्यानं सूर धरला, ड्रम सुरू झाले, सगळे टाळ्या वाजवत उठले, आणि ती बंद केलेला माइक धरून उभीच राहिली. काल ताट बाजूला सारून मी मंडळीचं चॅनेल उघडलं. तिची दुसरी साक्ष कुठंच नाही. पहिली आहे. त्यात त्याचं कपाळ तेलानं चमकतंय, पिवळ्या डोळ्यांनी तो बायकोकडं बघून हसतोय, आणि खाली लोक अजून 'आमेन' लिहितायत.