आत्याच्या जावयाचं वाण

आत्या गेली तेव्हा मी दुबईत, ऑफिसमध्ये होते. टोरांटोहून तिच्या मुलाचा, निखिलदादाचा फोन आला. ‘आई गेली गं... तू लगेच अल ऐनला, घरी जा. डॅनियल आणि मी निघतोय.’ गाडी चालवताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, डॅनियलची ओळख तिथे कोण म्हणून करून द्यायची?

२००८च्या मंदीत दादाची दुबईतली कंपनी बुडाली. तो कॅनडाला गेला आणि तिथे त्याने डॅनियलशी लग्न केलं, रीतसर, कायद्याने. आत्या मात्र भजनी मंडळात ‘रूममेट आहे’ म्हणून सांगायची. मी बाबांच्या चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. तिला हक्कांवर पानंच्या पानं मेल करायचे. ती म्हणायची, ‘तुझी पत्रकं तुझ्या बापाला दे. मला इथे चार बायकांत बसायचंय.’ मग एकेका देशात कायदा होत गेला, टीव्हीवर अशी लग्नं दिसू लागली आणि हा विषय निघाला की कुजबुजणाऱ्या शेजारच्या सावंतकाकूच एकदा म्हणाल्या, ‘आता तिकडे चालतं म्हणे.’ आत्या घरी येऊन भडकली. ‘चालतं म्हणे! माझा मुलगा काय नोट आहे, चालायला?’ त्याच्या बाजूने ती पहिल्यांदाच भांडत होती.

गेल्या अधिक महिन्यात दोघं आले. इथला कायदा हे लग्न मानत नाही, म्हणून बाहेर सगळीकडे ‘मित्र’. आत्याची अडचण वेगळीच. ‘सून म्हणून ओटी भरू, की जावई म्हणून अनारसे देऊ?’ शेवटी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला, अनारसे तळले, ताटात दिवा ठेवला आणि डॅनियलला पाटावर बसवून कुंकू लावलं. तेवढ्यात सावंतकाकू आत आल्या.

‘निखिलचा मित्र,’ आत्या घाईने म्हणाली.

काकूंनी ताटाकडे पाहिलं. ‘मित्राला कुणी अधिकाचं वाण देतं होय, निर्मला?’

आत्याने ताटातला दिवा सरळ केला. ‘जावई आहे माझा.’

‘मग एसी तरी लाव. घामाघूम झालाय बिचारा.’

तेराव्यानंतर फ्रीजरमध्ये आत्याने करून ठेवलेलं अनारशाचं पीठ सापडलं. डॅनियलने ते तळायला घेतलं. सगळे अनारसे हसले, तुपात विरून गेले. ‘हसू देत,’ काकू त्याला म्हणाल्या, ‘सासूच्या हातचं पीठ आहे, टाकू नकोस.’ मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की मी उठून खिडकीचा पडदा उघडायला हातात धरला. काकूंनी माझं मनगट धरलं.

‘असू दे गं... समोरच्या घरांतून दिसतं.’

मी पडदा उघडला नाही. पण हातातून सोडलाही नाही.