फेसवाले काका

अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावर माझ्या वडिलांना दलाने एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांची खरी कमाई मात्र एक नाव होतं. गावभर त्यांना फेसवाले काका म्हणत.

दरवर्षी दलाच्या मैदानावर तेलाची टाकी पेटवून विझवण्याची कवायत व्हायची. आग विझली की नळीत उरलेला फेस बाबा पोरांवर सोडायचे. कमरेइतका पांढरा फेस आणि त्यात गावातली झाडून सगळी कार्टी. कपडे खराब झाले म्हणून आया भांडायला यायच्या, आणि पुढच्या वर्षी त्याच आया पोरांना जुने कपडे घालून पाठवायच्या. घरात बाबा तुसडे होते, हेही सांगायला हवं. जेवताना अवाक्षर नाही, आईला कधी शब्दाने बरं म्हटलं नाही. त्यांचं सगळं हसू त्या मैदानावरच खर्च व्हायचं. अगदी परवापरवापर्यंत एखादा टक्कल पडलेला गृहस्थ स्कूटर थांबवून "काय फेसवाले काका" म्हणाला की दिवसभर स्वारी खुशीत.

मी पाणी आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माझं मशीन रेणूंचं वजन करतं, आणि त्यावरून पाण्यात कोणता साबण किती उरलाय ते सांगतं. मैदानाच्या उताराखालच्या वस्तीतून बोअरचं पाणी आलं, तेव्हा धुण्याचा साबण निघेल असं मी धरून चालले होते. तो निघाला नाही. तो मातीतले जीवाणू खाऊन टाकतात. निघालं ते, ज्याला जीवाणूही तोंड लावत नाहीत. पडद्यावर एक उंच शिखर आणि त्याच्या जरा आधी एक बुटकं, मोठ्या माणसाच्या पुढे चालणाऱ्या पोरासारखं. आग विझवायच्या जुन्या फेसाची ही ओळखीची जोडी. तो फेस बनणं बंद होऊन जमाना झाला. मी निव्वळ शुद्ध पाणी लावून पाहिलं, रेघ सपाट आली. पुन्हा बोअरचं लावलं, जोडी परत हजर.

"मैदानाची माती आण," साहेब म्हणाले. "फेस नेमका कुठे पडायचा ते दाखवल्याशिवाय बोअर कोणी बंद करणार नाही."

दलात जुनं कुणी उरलं नव्हतं. ती जागा ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो माझ्या घरी पेपर वाचत बसला होता.

"बाबा, मैदानावर येता का? माती घ्यायचीय," मी एवढंच म्हटलं.

ते दलाचा जुना रेनकोट चढवून तयार.

"तो काढा. त्याच्यावर पाणी ठरू नये म्हणून जे लावतात ना, ते माझ्या बाटलीत उतरेल."

"म्हणजे रेनकोटच्याही चुगल्या करतं का तुझं मशीन?" ते हसले. माझ्याशी असे हसल्याचं मला आठवत नव्हतं.

मैदानात गवत माजलं होतं, पण ते डोळे मिटून चालावं तसे चालले. "टाकी इथे. नळी इथून. आणि पोरं या खळग्यात. सगळ्यात जास्त फेस इथे साठायचा, इथली घे." मी खणत होते, ते वर उभे राहून कोण कसं नाचायचं ते सांगत होते. मला मान वर करवेना.

मातीत तीच जोडी निघाली, बोअरपेक्षा कितीतरी उंच. "काय म्हणतंय आपलं मैदान?" बाबा रोज विचारत. अहवाल पाठवण्याआधी मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. फेस गेलेला नाही. मातीत आहे, वस्तीच्या पाण्यात आहे, अंगात शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही.

"अगं, तो तर संध्याकाळपर्यंत विरून जायचा."

"दिसायचा बंद व्हायचा, बाबा."

"पोरांना काय होतं त्याने?"

"कुणाला होईल, कुणाला काहीच नाही. ते मशीन सांगत नाही. आणि तुम्हाला कुठे माहीत होतं? तुम्हाला तरी कुणी सांगितलं?"

हे शेवटचं त्यांनी ऐकलंच नाही.

बोअर बंद झाली. आता रस्त्यात कुणी हाक मारली की बाबा हात वर करत नाहीत. जवळ जातात, त्याचा चेहरा निरखतात, विचारतात, "तब्येत बरी आहे ना रे?" लोकांना वाटतं, म्हातारा मायाळू झालाय. घरी बसल्या बसल्या ते पुटपुटतात. घाऱ्या होता. दुकानदाराच्या जुळ्या होत्या. तोतऱ्याच्या तर तोंडातही गेला होता. मला मग भास होतो की ती सगळी पोरं दारातून आत येताहेत, पांढरीफटक, आणि भिंतीला टेकून उभी राहताहेत. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

काल जेवताना त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू फार लहान होतीस. बुडशील म्हणून मी तुला खांद्यावर घ्यायचो," ते म्हणाले. "तुला नाही ना लागला?"

मला लख्ख आठवतं. रडून रडून मी त्यांना खाली उतरवायला लावायची आणि गळ्यापर्यंत फेसात उभी राहायची. मातीचे नमुने लावले त्याच आठवड्यात मी माझं रक्तही लावून पाहिलं होतं. ते मोठं माणूस आणि त्याच्या पुढचं ते पोर तिथेही होतं.

"नाही, बाबा. मी तर खांद्यावरच होते."

"मग बरं," ते म्हणाले आणि खाली बघून जेवू लागले.