फत्तूकाकाची चाल

बोलता बोलता ती स्वतःचा उजवा हात वर करायची आणि डाव्या हाताच्या चिमटीत काखेजवळचं मांस धरून बघायची. मग हात खाली, पुन्हा वर. समोरचा काय बोलतोय याकडे लक्ष नसायचं. खालच्या टपरीवरच्या चहावाल्याला वाटलं, बाईचा खांदा धरला आहे. एके दिवशी त्यानं चहासोबत बामची डबी पाठवली. तिनं ती डबी कपाळाला लावल्यासारखी केली आणि आम्हाला म्हणाली, "याला काय सांगू? माझा नाही, कॉम्प्युटरातल्याचा खांदा दुखून राहिला."

गोंदिया शहरातल्या बाजारात, एका कापडाच्या दुकानाच्या वर, आमचं ॲनिमेशनचं छोटंसं ऑफिस आहे. मी तिथं गोष्टी आणि संवाद लिहितो, पात्रांना आवाजही देतो. ती रिगिंग करायची. सगळे तिला दीदी म्हणत, म्हणून मीही.

कार्टून तुम्हीही पाहता, त्यामुळे तिचं काम समजायला कठीण नाही. कॉम्प्युटरवर माणूस तयार होतो तो आधी गणपतीच्या मूर्तीसारखा. दिसायला छान, पण बोटही हलत नाही. त्याच्या आत हाडं बसवायची, सांधे लावायचे आणि कोणतं हाड हललं की कुठली कातडी किती ओढली जाईल हे ठरवायचं, ते म्हणजे रिगिंग. हे चुकलं तर हात वर केल्यावर खांदा पिशवीसारखा आत जातो आणि कोपर चॉकलेटच्या कागदासारखं पिळलं जातं. आम्ही एखाद्या नव्या पात्राचं कौतुक करायला लागलो की ती मध्येच तोडायची. "उभा तर कोणीही राहते. हलवून दाखवा."

आमच्या पात्रांची तर वेगळीच तऱ्हा. बाहेरून मिळणारे तयार सांगाडे खुर्चीत बसणाऱ्या माणसांसाठी बनवलेले. आमची माणसं उकिडवी बसतात, मांडी घालतात, दिवसभर भाताच्या बांधीत वाकून धानाची रोवणी करतात. पात्राला उकिडवं बसवलं की मांड्या पोटातून आरपार जायच्या. धोतर तर हमखास गुडघ्यात घुसायचं. एकदा मालक एका मोठ्या ग्राहकाला घेऊन आत आले, तर ही कॉम्प्युटरसमोर जमिनीवर उकिडवी बसलेली, हातानं स्वतःच्याच मांडीचा घेर मापतेय. ग्राहक दारातच थांबला. ती उठली नाही. "दोन मिनिट भैया, कंबर सापडली आहे," म्हणाली.

तिचं गाव जवळच, नागऱ्याच्या पुढे. शिक्षण नागपूरला, मग हैदराबादला नोकरी. तिथून ती परत का आली हे विचारलं की म्हणायची, "तिकडचं पाणी मानवलं नाही." ऑफिसात ती स्वच्छ हिंदी बोलायची, नाहीतर पुस्तकातली मराठी. घरून फोन आला की मात्र उठून जिन्यात जायची आणि आवाज खाली आणायची. जिन्यात शब्द घुमतात. "काऊन? कायले येता एवढ्या उन्हात?" असं काहीतरी आम्हाला ऐकू यायचं. आत येताना तिचा चेहरा असा असायचा, की कोणी काही विचारत नसे.

बियाणं विकणाऱ्या एका दुकानदारासाठी आम्ही छोट्या छोट्या जाहिराती करायला घेतल्या. त्यात एक म्हातारा शेतकरी होता, फत्तूकाका. संवाद माझे, आवाज माझा. पात्र सुरेख झालं होतं, पण चालायला लागलं की मजा जायची. मालक म्हणाले, "काका चालता तो है, पर जाता कहीं नहीं."

तिला ते लागलं. तिनं फत्तूकाकाला परत मागून घेतलं आणि दुपारभर कोणाशी बोलली नाही. एका बाजूचा खुबा थोडा खाली घेतला. उजव्या पायाला बाहेरून फिरून येण्याची सोय केली. डावा हात मांडीवर टेकवला, म्हणजे प्रत्येक पावलाला तो मांडीला जरा रेटा देई. संध्याकाळी तिनं आम्हाला बोलावलं. फत्तूकाका पडद्यावर चालला आणि आम्ही सगळे खळखळून हसलो. ती चाल हसण्यासारखी होती, पण त्यात एक ऐटही होती. उशीर झालाय हे माहीत असूनही घाई न करणाऱ्या माणसाची ऐट. मी लगेच प्रत्येक पावलाला एक "हं" असा आवाज दिला. त्यानं तर आणखीच रंगत आली.

"कुठून आणली ही चाल?" मी विचारलं.

"असंच. हाताला सुचलं," ती म्हणाली. खूश होती.

जाहिराती फोनाफोनांवरून पसरल्या. चौकात तरुण पोरं एकमेकांना तशी चालून दाखवू लागली. दुकानदारानं पेढे पाठवले.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, मग घासल्याचा आवाज, मग थांबा. पुन्हा एक पाऊल. आमच्या ॲनिमेटरची खुर्ची दाराजवळ असते. त्यानं वळून पाहिलं आणि तो ओरडला, "अरे देखो, अपना फत्तूकाका सच में आ गया!"

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. खांद्यावर दुपट्टा, हातात गच्च भरलेली कापडी पिशवी. ते दोन पावलं आत आले. उजवा पाय बाहेरून फिरून आला, डाव्या हातानं मांडीला रेटा दिला. सगळे हसले. मीही हसलो. तेही हसले, चारचौघं हसताना माणूस हसतो तसे. मग त्यांची नजर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर गेली. तिथं नव्या जाहिरातीची तयारी चालली होती आणि फत्तूकाका एकाच जागी चालत होता, चालत होता. ते पाहत राहिले. हळूहळू त्यांचं हसू उतरलं. त्यांनी दाराची चौकट धरली आणि तिच्याकडे पाहिलं.

मालकांनी विचारलं, "किसके यहाँ आए हो, काका?"

त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच ती उठली. "गावचे आहेत. आमच्या गावचे. घरून सामान पाठवलं असेल."

त्यांनी चौकटीवरचा हात काढला. मग ते म्हणाले, "हो, हो. गावचाच आहो. इकडं काम होतं, तं बाईच्या घरच्यानं पिशवी देल्ली." पिशवी त्यांनी तिच्या टेबलाच्या पायाशी ठेवली. "पोपटाच्या शेंगा आहेत, वालाच्या. सगळे खा."

मालकांनी चहाचं विचारलं. ते नको म्हणाले. मी गॅलरीत गेलो. ते रस्ता ओलांडत होते. पाय बाहेर फिरू नये म्हणून ते तो सरळ टाकायला पाहत होते. त्यामुळे प्रत्येक पावलाला त्यांचा तोल जात होता. एक रिक्षावाला थांबला, त्यानं त्यांना जाऊ दिलं. मी आत आलो तेव्हा ती पडद्याकडे पाठ करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली. बसली नाही. पिशवी टेबलाखाली तशीच बांधलेली होती. ती म्हणाली, "काल आले होते ते माझे बाबूजी होते."

ॲनिमेटर कसाबसा म्हणाला, "सॉरी दीदी, मुझे पता नहीं था."

"तू कशाला? तू नुसता हसला. मी तर ओळखही दिली नाही."

नंतर तिनं मला एकट्याला सांगितलं. तरुणपणी ते भाताच्या तणसीच्या ढिगावरून पडले होते. खुबा मोडला, नीट बसला नाही. त्याच पायानं त्यांनी शेती केली, तिला खांद्यावर घेऊन नागऱ्याच्या जत्रेला नेलं. "दादा, मला खरंच कळलं नव्हतं. मी त्यांना आठवून काही केलं नाही. हात करत गेले. दारात ते दिसले तेव्हा कळलं."

"मग बाबूजी काही बोलले?"

"घरी गेल्यावर विचारलं, शेंगा खाल्ल्या का सगळ्यांनी?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"खाल्ल्या म्हटलं."

ती मालकांकडे गेली, ही चाल काढून टाका म्हणाली. मालक वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "आगे की बदल दो. पर जो लोगों के फोन में चली गई, वो वापस कैसे लाऊँ?" ती नवी चाल करायला बसली. ते मी पाहिलं आहे. आधी तिनं खुबा जागेवर आणला, पाय सरळ टाकला. फत्तूकाका चालला, तर तो थेट त्या दिवशी रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखा दिसला. तिनं पुसलं. पुन्हा केलं. खांद्यापासून सगळी हाडं काढून नव्यानं बसवली. कातडी कुठं किती ओढली जाईल ते परत ठरवलं. तरी थोडं चालला की तो कुठंतरी तसाच झुकायचा. "काढते तर वाटते त्यांचा पाय कापून राहिली मी," ती म्हणाली, "आणि ठेवते तर तुम्ही सगळे पाहता." ऑफिसात तिच्या तोंडून असं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

थोड्याच दिवसांत तिनं काम सोडलं. घरी बसून बाहेरच्या एका कंपनीसाठी रिगिंग करते असं कळलं. फत्तूकाकाची नवी चाल नागपूरच्या कोणाकडून तरी करून घेतली. तो आता अगदी व्यवस्थित चालतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

तिचं काही सामान ऑफिसात राहिलं होतं. कॉम्प्युटरवर चित्र काढायची पाटी, पेन, एक शाल. ते द्यायला मी एका रविवारी सकाळी तिच्या गावी गेलो. घर विचारत पोचलो. अंगणात खाटेवर तिचे बाबूजी बसले होते. मला पाहताच त्यांनी ओळखलं. घाईनं उठले, खाटेवरची गोधडी सारखी केली.

"बसा साहेब, बसा. बाई आत आहे, काम करून राहिली." मग दुपट्टा खांद्यावर टाकत म्हणाले, "मी इथं बाजूले रायतो. बसलो होतो जराक."

आणि ते खरोखरच स्वतःच्या अंगणातून बाहेर निघाले.

तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "बाबूजी," ती म्हणाली.

ते फाटकाशी थबकले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पार उतरला, जणू त्यांच्याच हातून काही फुटलं. ते मागे वळून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, हे ऑफिसात नका सांगू. पोरीले कमीपणा येईल."

ते तिचे वडील आहेत हे ऑफिसात सगळ्यांना कळलं आहे, हे तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं. आम्हाला सांगितलं, पण त्यांना सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. तांब्या हातात तसाच धरून ती उंबऱ्यावर उभी राहिली. तिनं मान खाली घातली. मीही घातली.

ते आमच्या मध्ये उभे होते. मी हो म्हणेन म्हणून वाट पाहत होते.