ओरडणारी बाई हवी आहे

लुक्रेशिया केन्स्मिलचा आवाज इतका हळू, की नवरा होता तोवर त्याला जेवायला बोलवायलाही ती उठून त्याच्या खांद्याला हात लावायची. आम्सटरडॅमच्या बाइल्मर वस्तीत तिच्या मजल्यावरची पोरं तिला ‘कुजबुज मावशी’ म्हणत. आणि हीच बाई कित्येक वर्षं टीव्हीवर नुसती ओरडत होती.

ती शाळेच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर मुलीने गंमत म्हणून तिचा फोटो एका एजन्सीकडे पाठवला. मालिकेत काळी बाई हवी असली की बोलावणं यायचं. काम ठरलेलं: कमरेवर हात, बोट नाचवायचं आणि कुणाला तरी घराबाहेर काढायचं. तिला ओरडणं जमेना, म्हणून आवाज नंतर दुसरीचाच भरत. लुक्रेशिया घरी बसून बघायची आणि खो खो हसायची. एकदा मात्र इमारतीत नवीन आलेल्या एका आईने तिला लिफ्टमध्ये बघताच लेकराला मागे ओढून घेतलं. त्या दिवशी तिने टीव्ही लावला नाही.

पुढच्याच आठवड्यात एका नव्या मालिकेची निवडचाचणी होती. बाकावर आधीच दोघी बसलेल्या. लुक्रेशिया मूळची सुरिनामची; अफुआ घानाची, चर्चमधलं बायकांचं मंडळ चालवणारी. ओमायरा कुरासाओ बेटावरची, दातांच्या डॉक्टरकडे कामाला. तिघींची ओळख जुनी होती, म्हणजे एकमेकींना बघून तोंड फिरवण्याइतपत. घानावाल्यांना सुरिनामच्या बायका शिष्ट वाटत, सुरिनामवाल्यांना कुरासाओच्या भारी नखरेल, आणि ओमायराच्या मते तर या दोघींना हसायचंच कळत नव्हतं.

तिघींच्या हातात संवादाचा एकच कागद होता. ओमायराने मोठ्याने वाचला, “‘चालता हो माझ्या घरातून! परत आलास तर तंगडी मोडीन!’ अगंबाई, हे तर मी गेल्या वर्षीच बोलले!”

“गेल्या वर्षी?” अफुआ म्हणाली. “मी दोनदा बोललेय. हातात पातेलं घेऊन.”

लुक्रेशियाने हळूच विचारलं, “निळं? कडेला पोचा आलेलं?”

“तेच!” दोघी एकदम ओरडल्या.

मग काय, हसू आवरेना. ओमायरा बाकावरून घसरली. अफुआने डोळे पुसायला डोक्याचा रुमाल सोडला. तंगड्या किती मोडल्या याचा हिशेब सुरू झाला आणि कुणालाच तो लागेना.

“सिस्टर,” अफुआ लुक्रेशियाचा हात धरून म्हणाली, “आज कुणीच ओरडायचं नाही. शपथ?”

“मला तर ते येतच नाही,” लुक्रेशिया म्हणाली.

तिला आधी आत बोलावलं. समोर एक सडपातळ नट ‘हाकलला जाणारा’ म्हणून उभा. लुक्रेशियाने त्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, “चालता हो, बाळा. जेवलास का पण? परत आलास तर तंगडी मोडीन हं, जपून जा.” नट गोंधळला. “नाही जेवलो,” तो म्हणाला.

अफुआने तेच वाक्य चर्चमधली रविवारची सूचना वाचावी तसं वाचलं आणि शेवटी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. कॅमेरावाला उभा राहिलाही. ओमायराने तर ‘चालता हो’ असं काही लाडात म्हटलं, की नट तिच्याजवळच सरकला.

तिघींना एकत्र उभं करून दिग्दर्शक आधी समजावू लागला. “आग हवी, आग! तुमच्यात असते ती!” मग त्याचा चेहरा लाल झाला, आवाज चढला. त्याने टेबलावर मूठ आपटली, हात कमरेवर ठेवला, बोट नाचवलं. “निघा! चालत्या व्हा इथून!”

लुक्रेशिया कौतुकाने म्हणाली, “अहो, किती छान! मिळाली की तुमची बाई!”

मेट्रोत तिघी इतक्या हसल्या, की समोरचा म्हातारा कारण माहीत नसताना हसू लागला. अफुआच्या घरी जोलोफ भाताचं पातेलं रिकामं होईतो ठरलं: वस्तीच्या सभागृहात आपलंच नाटक करायचं. त्यात बायका प्रेमात पडतील, विसरभोळ्या असतील, बुद्धिबळात हरतील, भित्र्याही असतील.

मालिकेतली ती ओरडायची भूमिका मिळाली रॉटरडॅमच्या झुल्मिराला, मूळच्या केप व्हर्देच्या मुलीला. मालिका लागली तेव्हा ओमायरा फणकारली, “ओरडली बघ मेली!” पण नाटकाचं कानावर आल्यावर एका तालमीला झुल्मिरा स्वतःच दारात उभी राहिली.

“ओरडले मी,” ती मान खाली घालून म्हणाली. “कामच मिळत नव्हतं. घरी येऊन रडले. मला घ्याल का?”

 मग लुक्रेशियाने खुर्ची पुढे ओढली. “बस गं. आम्ही सगळ्याच ओरडलोय. तुला काय करायला आवडेल?”

“माझ्यासाठी कधी कुणी फुलं आणली नाहीत,” झुल्मिरा म्हणाली. “नाटकात म्हणतेय मी.”

पहिल्या प्रयोगाला लोक खिडक्यांत बसले होते. ट्यूलिपचा गुच्छ घेऊन येणारा प्रियकर म्हणजे वस्तीतला निवृत्त बसचालक. तो गुडघ्यावर बसला आणि त्याला उठताच येईना. झुल्मिराला हसू फुटलं, मग त्याला, मग सगळ्या सभागृहाला. पडद्याआडून लुक्रेशिया पुढचं वाक्य सांगत होती, पण तिची कुजबुज ऐकू कुणाला जाणार!