पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं

आमच्याकडे राहून शिकणारी मामेबहीण मॅट्रिकला गणितात नापास झाली, तेव्हा मामा कुहीहून आले आणि उभ्याउभ्याच सांगून गेले: ऑक्टोबरला बसू दे, पण ही शेवटची खेप. यात राहिली तर रामदासपेठेतल्या दवाखान्यातलं नर्सिंगचं शिक्षण विसरायचं. मुलाकडच्यांना होकार कळवून टाकतो. मी कॉलेजात होतो, चळवळीची पत्रकं लिहायचो आणि वाटायचो. तिचं बीजगणित माझ्या गळ्यात पडलं.

नियम तिला तोंडपाठ: पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं. क्ष अधिक पाच बरोबर नऊ असलं की पाच पलीकडे जाऊन वजा व्हायचे, उत्तर चार, सगळं ठीक. पण तीन क्ष बरोबर बारा असलं तरी तीन पलीकडे वजाच व्हायचे आणि क्ष निघायचा नऊ. मी खोडायचो, ती पुन्हा तेच करायची.

शेवटी तिनंच विचारलं, "पण काहून बदलते गा चिन्ह, दादा?"

शाळेत तिनं हेच विचारलं, तर सरांनी आमदाराचं उदाहरण दिलं होतं: त्यानं पक्ष बदलला, निवडणुकीचं चिन्ह बदललं, तसंच हे. वर्ग हसला, तीही खाली बसली. मी भडकलो. पोरींना मंत्र द्यायचा, कारण द्यायचं नाही, आणि चुकल्या की डोकंच नाही म्हणून लग्नाला उभ्या करायच्या. याला शिक्षण म्हणायचं?

"कोणी कुठं जात नाही वं," मी म्हणालो. "दोन्हीकडून पाच काढले, म्हणून इकडचे संपले. तीन क्ष म्हणजे क्षची तीनपट. एकटा क्ष पाहिजे तर काय करशील?"

तिनं वहीत दोन्ही बाजूंखाली रेघ ओढली. मग म्हणाली, "तिनानं भागीन. दोन्हीकडं."

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी उभा होतो. बाहेर येणाऱ्या पोरी उत्तरं जुळवत होत्या. चार क्ष अधिक तीन बरोबर अकरा. सगळ्यांचा क्ष चार. ही शेवटी आली.

"दोन," म्हणाली.

आकडेमोड सुचण्याआधीच माझं तोंड उतरलं. तिनं ते पाहिलं.

"ताळा घेतला ना मी. क्षच्या जागी दोन ठेवले, अकरा आले. चार ठेवले तर एकोणीस होतात." मग पदर खोचत म्हणाली, "बाबाले सांग, होकार कळवू नका म्हणावं."